सोलापुरात हीट पंप घ्यायचा का? गिझर फुटायच्या आधी करायचा हिशेब

आमचा मोठा गिझर फुटला तो नेमका संक्रांतीच्या तोंडावर. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पाहुणे यायचे होते, सासूबाईंचे गुडघे थंडीनं धरले होते आणि बाथरूमच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ चालला होता. प्लंबर आला, वर बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, संध्याकाळच्या आत नवा बसवून देतो, फक्त हो म्हणा." आम्ही हो म्हणालो. दुकानात जो होता तो आला, पुढची चार वर्षं आम्ही त्याचं लाईट बिल भरलं.

गरम पाण्याचं यंत्र बहुतेक घरांत असंच निवडलं जातं. जुनं बंद पडलं की घाईत, आणि प्लंबर जे सुचवेल ते. परदेशातही यापेक्षा फार वेगळं नाही. थंडीत गारठलेल्या घरात बसून कुणी चार कोटेशनं मागवत नाही, म्हणून जुन्याच्या जागी जुन्यासारखंच नवं येतं. दुसऱ्या वेळी आम्ही आधीच तयारी केली आणि शेवटी हीट पंप, म्हणजे हवेतल्या उष्णतेनं पाणी तापवणारं यंत्र, बसवला. त्यात काय चुकलं, काय बरोबर ठरलं आणि कुणी हे यंत्र घेऊच नये, ते सगळं इथं क्रमानं लिहिते. आमचं घर जुळे सोलापुरात, खाली-वर मिळून अकरा माणसं, बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी दोन्ही.

१. आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या

फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावून बघा, गरम लागते. आतल्या वस्तूंची उष्णता काढून फ्रिज ती मागं टाकतो. हीट पंप हेच काम उलट कामासाठी करतो. पंख्यानं बाहेरची हवा ओढतो, त्या हवेतली उष्णता एका वायूत घेतो, कॉम्प्रेसर तो वायू दाबून आणखी तापवतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो. बाहेर पडते ती थंड हवा आणि थोडं ठिबकणारं पाणी.

गिझरची कॉईल एक युनिट वीज घेऊन एक युनिटाइतकीच उष्णता देते. हीट पंप एक युनिट वीज घेऊन हवेतली उष्णता धरून तीन ते चार युनिटाइतकी उष्णता पाण्यात टाकतो. या पटीला सीओपी म्हणतात. हवा जितकी गरम तितकी ही पट चांगली, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितकी ती घसरते.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती. जपानमध्ये २००१ पासून फक्त पाणी तापवणारे घरगुती हीट पंप विकले जातात. नॉर्वेत साठ टक्क्यांच्या आसपास इमारतींत हीट पंप आहेत, पण तिथं ते खोल्या उबदार ठेवायला लागतात. युरोपात २०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा लोक हीट पंपाकडे वळले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी साडेसात हजार पौंडांचं अनुदान मिळू लागलं. म्हणजे तिकडे निर्णय ठरतो तो गॅसचा भाव, सरकारी मदत आणि घराच्या भिंती किती ऊब धरतात यांवर. सोलापुरात भिंतींनी ऊब धरणं हीच तक्रार असते. आपला निर्णय वेगळ्याच गोष्टींवर ठरतो, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इथं यंत्र घेऊ नका.

२. बादली की शॉवर, हे लिहून काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथं पडतो, आणि विक्रेता नेमकं हेच विचारत नाही. तो विचारतो, "घरात माणसं किती?" आणि तेवढ्यावरून टाकीचा आकार सांगतो.

हिशेब शाळेतला आहे. लिटर गुणिले जितके अंश पाणी तापवायचं, त्याला ८६० नं भागा. आलेला आकडा म्हणजे गिझरला लागणारी युनिटं.

डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साधारण २० अंश धरा. आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं. १८ लिटरची एक बादली म्हणजे १८ गुणिले २०, भागिले ८६०. उत्तर येतं ०.४२ युनिट. शॉवर मिनिटाला ८ लिटर टाकत असेल आणि माणूस सात मिनिटं त्याखाली उभा राहिला तर ५६ लिटर, म्हणजे १.३ युनिट. एका शॉवरमध्ये तीन बादल्या जातात.

आमच्याकडे आठ जण बादलीवाले आणि तीन तरुण मंडळी शॉवरवाली. भांडी, तान्ह्या बाळाचं पाणी आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून हिवाळ्यात दिवसाला आठेक युनिटं होतात. हीट पंपाची पट तीन धरली तर तेवढंच काम पावणेतीन युनिटांत होतं. रोजचे सव्वापाच युनिट वाचले.

आता चौघांचं घर घ्या, सगळे बादलीनं आंघोळ करणारे. गिझरला दिवसाला दोन युनिटं लागतात. हीट पंपानं वाचतात जेमतेम सव्वा. हे दोन आकडे शेजारी ठेवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

३. वर्षाचे महिने मोजा, बारानं गुणू नका

इथं मी स्वतः फसणार होते. कोटेशनवर लिहिलं होतं, "७५ टक्के बचत", आणि खाली रोजची बचत गुणिले ३६५ असा आकडा. सोलापुरात कुणालाही विचारा, एप्रिलमध्ये दुपारी नळ सोडला तर काय येतं? हात भाजतो. काळ्या टाकीतलं पाणी तापून निघालेलं असतं, आंघोळीला लोक पहाटे टाकी थंड असतानाचं पाणी बादलीत भरून ठेवतात. त्या महिन्यांत ना गिझर लागतो ना हीट पंप. जे खर्चच होत नाही त्यात बचत कुठून येणार?

मी असा हिशेब धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२० दिवस पूर्ण वापर. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर साधारण १३५ दिवस निम्मा वापर, कारण पावसाळी सकाळी म्हाताऱ्या माणसांना आणि लहानांना कोमट पाणी लागतंच. मार्च ते जूनचा मध्य, शून्य.

आमच्या घरासाठी यातून वर्षाला ९८० युनिटांच्या आसपास बचत निघते. चौघांच्या बादलीवाल्या घराला अडीचशेच्या आसपास.

४. लाईट बिल उलटून वरच्या टप्प्याचा दर काढा

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चालतं: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं. गिझर बंद झाला की कमी होतात ती सगळ्यात वरच्या टप्प्यातली, म्हणजे सगळ्यात महाग युनिटं. म्हणून एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढला तर बचत खरीपेक्षा कमी दिसते. तुमचा हिवाळ्यातला वापर कोणत्या टप्प्यात जातो ते बघा, त्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि असेल तर इंधन समायोजन आकार मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क लावा.

समजा तो आकडा १२ रुपये आला. आमच्यासारख्या घराचे वर्षाला ११,७६० रुपये वाचले. चांगला गिझर आणि हीट पंप यांच्या किमतीतला फरक समजा ७०,००० असेल तर तो सहा वर्षांत वसूल होतो. यंत्र नीट सांभाळलं तर दहा वर्षांहून जास्त चालतं, म्हणजे सौदा बरा.

चौघांच्या घराचा वापर खालच्या टप्प्यात बसतो. समजा १० रुपये दर आणि लहान यंत्रामुळं फरक ५५,००० चा. वर्षाला अडीच हजार वाचतात, वसुलीला बावीस वर्षं. तोवर यंत्र भंगारात गेलेलं असेल. अशा घरानं हीट पंप घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. चांगल्या स्टारचा, जाड आवरणाचा छोटा गिझर घ्या आणि आंघोळीच्या आधी वीस मिनिटं लावा.

तुमचे आकडे वेगळे येतील. पण हा कागद स्वतःच्या हातानं केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

५. सोलरशी तुलना टाळू नका

सोलापूरचं ऊन बघता पहिला विचार सोलर बंबाचाच यायला हवा. गच्ची स्वतःची असेल, सावली पडत नसेल आणि पाणी बरं असेल तर सोलर बंबाइतकं स्वस्त गरम पाणी दुसरं नाही. आमच्याकडे तो आधी होता. दोन गोष्टींनी आम्हाला हरवलं.

एक, पाण्याचा खंड. उजनीचं पाणी शहरात रोज येत नाही, नळाला पाणी यायला मध्ये बरेच दिवस जातात. एकदा वरची टाकी तळाला गेली, सोलरच्या काचेच्या नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या आणि दुपारी मोटार लावून आम्ही टाकी भरली. थंड पाणी तापलेल्या काचेत शिरलं. गच्चीवर फटाका वाजावा तसे एकामागून एक तीन आवाज झाले. ज्या घरात टाकी रिकामी पडते तिथं हे होणारच. सोलर असेल तर टाकी नेहमी सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे भरा.

दुसरी, क्षार. ते पुढच्या मुद्द्यात.

हीट पंपाला ऊन लागत नाही, फक्त हवा लागते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ आठवड्यातही तो चालतो. अपार्टमेंटमध्ये गच्चीवर हक्क नसलेल्यांना सोलरपेक्षा हा सोयीचा पडतो. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये कुणी लावू नका. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही अशा घटना घडलेल्या आहेत. लावायचाच तर यंत्र बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

६. पाणी तपासा, मग टाकी निवडा

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. ही तीन लक्षणं घरात दिसत असतील तर पाणी जड आहे, मोजायच्या आधीच कळलं.

फुटलेला गिझर उघडला तेव्हा कॉईलवर बसलेला क्षार मी हातात घेतला होता. कडक भाकरीचा तुकडा मोडावा तसा कडकन मोडला, जाडीही तेवढीच. त्या थरातून उष्णता पाण्यापर्यंत जाणार कशी? कॉईल आतल्या आत तापत राहते, वीज जाते आणि शेवटी कॉईल नाहीतर टाकी जाते.

पाण्याचा जडपणा, म्हणजे कठीणपणा, प्रयोगशाळेत तपासून घ्या. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे पदार्थ मोजणारं, पेन लावून आलेला आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे, दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दोनशेच्या वर असेल तर पुढच्यांपैकी काहीतरी करावंच लागतं:

- गरम पाण्याच्या यंत्राला फक्त नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी जोडा. आम्ही हेच केलं. बोअरचं पाणी संडास, धुणं आणि झाडांना.
- नाहीतर मिठानं चालणारा सॉफ्टनर लावा, आणि त्यात मीठ भरायची जबाबदारी घरात एकावर टाका.
- टाकीतला अ‍ॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघा. मॅग्नेशियमची ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. झिजून तार उरली असेल तर बदला.
- तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवा. ६० च्या वर क्षार झपाट्यानं बसतो आणि हीट पंपाची पटही घसरते. आठवड्यातून एकदा मात्र ६० अंशांपर्यंत नेऊ द्या, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. बऱ्याच यंत्रांत ही सोय आपोआप असते, पत्रकात शोधा.

७. जागा निवडताना आमचं काय चुकलं

पहिल्यांदा यंत्र बसवलं ते स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला जाळी आणि जाळीला पावसाचा पत्रा. बसवणारा म्हणाला, हवा येते की. तीन-साडेतीन तासांत तापायला हवं ते पाणी सहा तास घेऊ लागलं. आठवड्यानं मी तिथं उभी राहिले तर पायाला गारवा झोंबत होता. यंत्र स्वतः सोडलेली थंड हवाच पुन्हा ओढत होतं. उष्णता उरलीच नव्हती, ओढणार काय?

बसवणाऱ्यानं हात वर केले. दुसरा माणूस शोधून, खर्च करून आम्ही ते गच्चीवर जिना उघडतो तिथल्या शेडखाली हलवलं. त्या दिवसापासून ठरलेल्या वेळात पाणी तापतं.

जागेबद्दल आता मला जे कळतं ते असं. थंड हवा सोडायच्या तोंडापुढं भिंत नको, ती हवा उघड्यावर गेली पाहिजे. वर ऊन-पावसापासून आडोसा हवा. दोनशे लिटरचं यंत्र पाण्यासकट तीनशे किलोच्या आसपास भरतं, त्यामुळं ते बीमवर किंवा खालच्या भिंतीच्या बरोबर वर ठेवा. जुन्या पेठांतल्या लादीच्या किंवा माळवदाच्या छतावर तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवूच नका. ठिबकणाऱ्या पाण्याला छोटी नळी काढा, नाहीतर स्लॅब ओलावतो. आणि पंखा-कॉम्प्रेसरचा आवाज कूलरइतका नसला तरी झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नको, शेजाऱ्यांच्याही.

खरेदीआधी एक प्रश्न विचारा: किती अंशांपर्यंतच्या हवेत हे यंत्र चालतं? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, काही यंत्रं त्या सुमारास स्वतःला बंद करतात. तेव्हा गरम पाणी लागत नसलं तरी सारखं बंद-चालू होणं कॉम्प्रेसरला बरं नाही.

८. पाईप आणि वीज

गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी किंवा कंपोझिट पाईप लागतो आणि त्यावर काळं फोमचं आवरण. पाऊण इंची पाईपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं. यंत्र बाथरूमपासून बारा मीटर लांब असेल तर गरम पाणी यायच्या आधी तीन लिटर थंड पाणी निघून जातं, प्रत्येक वेळी. आपल्या शहरात ते वाहू द्यायची चैन परवडत नाही. आमच्याकडे नळाखाली छोटी बादली कायम असते, ते पाणी फरशी पुसायला जातं. जमलं तर यंत्र सगळ्यात जास्त वापराच्या बाथरूमच्या डोक्यावर ठेवा.

प्रेशर पंप असेल तर टाकी किती दाब झेलते ते विचारा. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, दोन्ही बसवलेले तुमच्या डोळ्यांनी बघा.

विजेसाठी वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच आणि खरं अर्थिंग हवं. जुन्या घरांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते आणि पुढं कुठंच जात नाही, वायरमनला ती खड्ड्यापर्यंत दाखवायला सांगा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. कॉम्प्रेसर जळला तर दुरुस्तीचा खर्च नव्या गिझरपेक्षा जास्त येतो.

९. अनुदानाच्या बोलण्यात फसू नका

आमच्याकडे एक विक्रेता म्हणाला होता, "सरकारी सबसिडी आहे, ७८ हजार परत मिळतात." तो आकडा खरा आहे, पण तो वीज तयार करणाऱ्या सोलर पॅनेलचा आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा त्यापुढं जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. ती योजना हीट पंपासाठी नाही.

दोन्ही एकत्र मात्र छान जमतात. गच्चीवर पॅनेल असेल तर हीट पंपाचा टायमर दुपारी बारा ते तीन लावा. त्या वेळी वीज घरची असते, हवाही दिवसातली सगळ्यात गरम असते, त्यामुळं पटही चांगली मिळते. चांगल्या आवरणाच्या टाकीत दुपारचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीजोगं गरम राहतं. पॅनेल नसलं तरी पहाटेपेक्षा दुपारी तापवलेलं बरं.

१०. चालू यंत्र बघायला जा, तेही थंडीत सकाळी

पत्रकापेक्षा मला उपयोग झाला तो एका ओळखीच्या कुटुंबाच्या घरी जाऊन आल्याचा. आम्ही जानेवारीत सकाळी सातला गेलो. त्यांच्या घरातल्या बाईंना विचारलं, शेवटच्या माणसाला गरम पाणी मिळतं का? त्या म्हणाल्या, पाहुणे आले की नाही मिळत, मग आतली कॉईल लावावी लागते. हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. हीट पंप सावकाश तापवतो, एकदा टाकी संपली की दोन-तीन तास थांबावं लागतं. म्हणून टाकी सकाळच्या सलग गर्दीला पुरेल एवढी घ्या, आणि मदतीला आत कॉईल असलेलंच यंत्र घ्या.

घरातलं कोण ठरवणार, हेही आधी बोला. आमच्याकडे ह्यांनी आणि भाऊजींनी किंमत बघितली, जाऊबाईंनी आणि मी सकाळचे साडेसहा ते आठ बघितले, सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "नळ सोडला की पाणी लगेच येईल ना?" तिघींच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नसती तर यंत्र स्वस्त असूनही घरात भांडण झालं असतं.

आणि दुरुस्ती. सोलापुरात कंपनीचा माणूस आहे की पुण्याहून येतो? पुणे अडीचशे किलोमीटर. डिसेंबरात चार दिवस थांबावं लागलं तर काय, हे विक्रेत्याला लेखी विचारा. वायू कोणता आहे तेही विचारा. आर-१३४ए, आर-४१०ए किंवा आर-३२ भरणारे एसी मेकॅनिक शहरात मिळतात. आर-२९० म्हणजे प्रोपेन, हवामानाला सगळ्यात कमी त्रासदायक, पण तो पेट घेतो, त्यामुळं ते यंत्र मोकळ्या जागीच हवं आणि शिकलेल्या माणसानंच उघडावं.

११. जवळ ठेवायचे कागद

- मागच्या बारा महिन्यांची लाईट बिलं आणि मंजूर भार किती ते
- पाणी तपासणीचा अहवाल
- अपार्टमेंट असेल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र, त्यात जागा आणि पाईपचा मार्ग लिहिलेला
- किमान दोन कोटेशनं, सीओपी किती आणि तो हवेच्या-पाण्याच्या कोणत्या तापमानाला मोजला ते लिहून घेतलेलं
- जीएसटीचं पक्कं बिल, यंत्राचा अनुक्रमांक टाकलेलं वॉरंटी कार्ड, टाकी आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी वेगवेगळी
- बसवल्याच्या दिवसाचा अहवाल, त्यावर पाण्याचा कठीणपणा नोंदवलेला. जड पाण्यामुळं टाकी गेली म्हणून वॉरंटी नाकारतात, तेव्हा हा कागद कामी येतो.

१२. बसवल्यानंतरचा पहिला महिना

पहिल्या दिवशी टाकी पूर्ण भरल्याशिवाय यंत्र चालू करू देऊ नका, गरम नळातून बुडबुडे न येता सलग धार आली की मगच. त्यानंतर रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहा. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात दिवसाला साडेपाच युनिटं दिसली, तिथूनच धुण्याच्या जागेतली चूक सापडली. हलवल्यावर तीनच्या आत आली.

हवेची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं झाडा. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांजवळ राहत असाल तर दर आठवड्याला, कारण हवेतला सुताचा बारीक तूस जाळीवर गालिच्यासारखा बसतो. दर तीन महिन्यांनी टाकीच्या तळाचा नळ सोडून दोन बादल्या पाणी गाळासकट काढा.

होळी झाली की आम्ही यंत्र बंद करतो, मुख्य स्विचसकट. टाकी रिकामी करून तो गाळ बघायचा, अ‍ॅनोडची कांडी काढून बघायची आणि मृगाच्या पावसापर्यंत तसंच ठेवायचं. सासूबाईंना आणि बाळाला त्या दिवसांत लागतं तेवढं कोमट पाणी सकाळी नऊनंतर गच्चीवरची टाकीच देते.